जळगावहून हिमालयातलं पहिलं शिखर, कोणतं घ्यावं?

तापीकाठचा: सातपुड्यातलं अस्तंभा, तोरणमाळ नेहमीचं झालंय, आता गाइडसोबत नेपाळचं मेरा पीक (६४७६ मी) करायचंय. बर्फावर कधी चाललो नाही. जमेल का?

धुळेकर ताई: भाऊ, थेट मेरा नको. आधी मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक करा, ५२८९ मीटर आहे, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे धातूचे काटे) घालून पाय कसा टाकायचा, घसरलात तर आइस अ‍ॅक्स (बर्फावरची कुऱ्हाड) बर्फात रोवून स्वतःला कसं थांबवायचं हे गाइडकडून नीट शिकून घ्या, ते अंगवळणी पडल्याशिवाय वर जाऊच नका.

भुसावळकर: ताईंचं बरोबर. पैसे भरायच्या आधी विचारा, एका गाइडमागे किती जण, हवा बिघडली तर हाताशी राखीव दिवस आहे का. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या तर सरळ खाली.

तापीकाठचा: ठरलं, आधी फ्रेंडशिप. बूट भाड्याने मिळतात?

धुळेकर ताई: मनालीत मिळतात, पण जाड मोजे घालूनच माप बघा.