सर्फबोर्डच्या तळाला खोल कॉनकेव्ह (आत गेलेला खोलगट आकार) म्हणजे जास्त वेग?
‘कॉनकेव्ह जितका खोल तितका बोर्ड पळतो’ असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. सिंगल कॉनकेव्हमुळे (तळाला एकच खोलगट भाग) मधल्या रेषेवर रॉकर, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतचा बोर्डाचा बाक, सपाट होतो, खालून पाण्याची उचल मिळते, म्हणून वेग. पण पाणी खडबडीत असलं की तोच बोर्ड पायाखाली थडथडतो. शेपटीकडे तळाला थोडा व्ही (मधे उंचवटा, दोन्ही कडांकडे उतार) असला तर एका रेलवरून (कडेवरून) दुसऱ्यावर कलणं सोपं जातं. त्यापायी वेग जरा गेला तरी मला चालतो. बोर्ड उलटा करून तळावर पट्टी आडवी धरा: मधे फट दिसली तर कॉनकेव्ह, पट्टी डुलली तर व्ही. आणि डबल कॉनकेव्ह (शेजारी शेजारी दोन खोलगट भाग) काही नवा नाही हो, कॅलिफोर्नियातल्या कॅम्पबेल बंधूंच्या ‘बॉन्झर’ सर्फबोर्डवर तो १९७०च्या दशकातच होता.