सावकार सोमवारी मोजणी आणतोय, तातडीने मदत हवी

केजचा_पोरगा: वडिलांनी एकाकडून 2 लाख घेतले होते, पाच टक्क्यानं. दुपटीच्या वर देऊन झालंय, तरी म्हणायलाय जमीन माझीच. पोलीस म्हणतात दिवाणी बाब आहे. कुठं जायचं तेवढं सांगा, भाषण नको.

गोदाकाठ: पाच टक्के महिन्याचं का वर्षाचं?

केजचा_पोरगा: महिन्याचंच की. वर्षाचं पाच टक्के कोण देतंय राव.

गोदाकाठ: म्हणजे वर्षाला 60. परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर 9 आणि विनातारण 12 च्या वर घेता येत नाही. ह्याला परवाना आहे का?

परळीची_ताई: आमच्या गटाच्या बायकांच्या दारात मायक्रोफायनान्सवाले रात्री आठला येऊन बसतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमात संध्याकाळी सहानंतर वसुली नाही. तुम्ही पण व्हिडिओ काढा.

गोदाकाठ: ताई, त्या कंपन्यांना सावकारी कायदाच लागत नाही. वेगळा धागा काढा.

कोयता_जोडी: मी ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन सावकार मोकळा केला. एक हंगाम कारखान्यावर काढला की झालं.

गोदाकाठ: आणि पुढच्या हंगामाला मुकादम मोकळा करायला कुणाची उचल?

निवृत्त_लेखनिक: सहकार खात्यात नोकरी झाली म्हणून सांगतो. बीडला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, नाहीतर तालुक्याचे सहायक निबंधक, इथं लेखी अर्ज द्या. 2014 चा सावकारी अधिनियम, कलम 18. पण नावावर काही नसताना तो मोजणी कशी आणतोय? सातबारा कुणाचा?

केजचा_पोरगा: खरेदीखत दिलंय ना त्याला. फेरफार पण झाला. नुसतं नावाला. पैसे फिटले की उलटून देतो म्हणला होता. शेत आम्हीच करतो.

निवृत्त_लेखनिक: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! खरेदी कधीची? अर्जाच्या आधी 15 वर्षांच्या आतली लागते.

काळा_कोट: उपनिबंधकाकडं चपला झिजतील. सरळ कोर्टातून मनाई हुकूम आणा.

निवृत्त_लेखनिक: आणा की, पण अर्ज सोडू नका. कोर्टात खरेदीखतावरचं 'मोबदला पावला' आडवं येतं. आमच्या पथकाला झडती घेता येते. एका घरी पिठाच्या डब्यातून सह्या केलेले कोरे चेक काढलेत मी. चौकशीत सावकारी निघाली तर उपनिबंधक खरेदीखतच रद्द ठरवू शकतात. विनापरवाना असेल तर 5 वर्षांपर्यंत कैद आहे.

कोयता_जोडी: कर्जमाफीत बसत नाही का हे?

केजचा_पोरगा: 2013 ची खरेदी आहे. पण व्याज सगळं रोख दिलंय, पावती एक नाही. आई दुधाच्या खाड्यांशेजारी कॅलेंडरवर फुली मारायची, तेवढंच. चालतंय का?

निवृत्त_लेखनिक: साक्षीदाराच्या जबाबाला जोड म्हणून द्या. कॅलेंडरं आहेत ना, का रद्दीत?

केजचा_पोरगा: 2016 चं उंदरानं खाल्लं. बाकीची एकाच खिळ्याला आहेत, एकावर एक.