अवघड असणं वेगळं, ऐकून न घेणं वेगळं

या हेरगिरीच्या गेमवरच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, 'गेम अवघड आहे म्हणून लोक कंट्रोल्सना नावं ठेवतात'. हा मुद्दा मला अजिबात पटला नाही. स्टेल्थ गेम, म्हणजे लपतछपत खेळायचा गेम, अवघडच हवा. पहारेकऱ्याची गस्त हेरायची, अंधारात दबा धरायचा, नेमक्या क्षणी निसटायचं, सगळी मजा त्यातच आहे. पण त्यासाठी बोटांनी सांगितलेलं पात्रानं ऐकलं पाहिजे ना! या गेममध्ये भिंतीला चिकटणं, कठड्यावर चढणं आणि बेशुद्ध गडी उचलणं एकाच बटणावर. गडी लपवायला जावं तर आपला हेर कठड्यावर चढून बसतो, तेही सगळ्यांना दिसेल असा. त्यात एकदा ॲनिमेशन सुरू झालं की ते मधेच तोडता येत नाही.

२००२ च्या स्प्लिंटर सेल या स्टेल्थ गेममध्ये पीसीवर माउसचं चाक फिरवून चालण्याचा वेग कमीजास्त करता यायचा. वेग वाढला की पावलांचा आवाज वाढायचा, म्हणजे किती आवाज करायचा हे थेट आपल्या बोटावर. मार्क ऑफ द निंजा या दुसऱ्या स्टेल्थ गेममध्ये तर आवाज कुठवर पोचेल ते वर्तुळातून दिसतं. पकडले गेलो तरी का, ते कळतं.

आपल्या या गेमची प्रकाशयोजना आणि लेव्हल्सची रचना खरंच सुंदर आहे, एकेका वाड्यात शिरायला तीन-चार वाटा. म्हणूनच जास्त वाईट वाटतं. पुढच्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारणेत, उचलण्याला स्वतंत्र बटण दिलं आणि बटणं बदलायची सोय केली, तरी मी पहिल्यापासून परत खेळेन.