शब्दचर्चा: बधिर कोण, कान की पाय?

शेवंती
मंडळी, एका शब्दापाशी अडलेय. मधुमेहींसाठीच्या एका प्रश्नावलीचं मराठी करायचं काम आहे. मूळ प्रश्न पायांच्या नंबनेसचा. मी लिहिलं, 'बधिरपणा जाणवतो का?' कच्चा मसुदा आधी घरातच सासूबाईंना दिला, त्या १२ वर्षं साखरेच्या गोळ्या घेताहेत. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाल्या, "हो, आहे थोडा. टीव्ही मोठा करावा लागतो."
मी म्हटलं, अहो आई, पायांचं विचारलंय. तर म्हणे, "मग बधिर कशाला लिहिलंस? पाय काय ऐकतात?"
त्यात आता मला ते अख्खं वाक्यच विचित्र वाटायला लागलंय. बधिर म्हणजे जाणवत नाही. मग न जाणवणं जाणवणार कसं? 'संवेदनाशून्यता' लिहिलं तर लोक तो प्रश्न सोडून पुढे जातील. शुक्रवारपर्यंत द्यायचंय. सुचवा.

मोडीवाचक
तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे. संस्कृतात बधिर म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. प्राकृतात त्याचं 'बहिर' झालं, आपला 'बहिरा' तिथलाच. पायाला बधिर म्हणणं म्हणजे कोपराला आंधळा म्हणणं. आणि हल्ली जे 'कर्णबधिर' बोकाळलंय ती तर उघड द्विरुक्ती. 'नेत्रांध' म्हणता का कुणाला?

ताकपिठ्या
दाताचा डॉक्टर "हिरडी बहिरी करतो" म्हणाला असता तर मी खुर्चीवरून उठून पळालो असतो. "बधिर करतो" म्हणाला म्हणून आ वासून बसलो. एका आईची दोन पोरं. एक गावात राहिलं, एक शिकून परत आलं. कानाचं शेत बहिऱ्याला, हातापायाचं बधिरला. वाटणी होऊन जमाना झाला. आता सातबारा कशाला उकरताय? (हलकं घ्या.)

कानोसा
मी २१ वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवते. ज्याला द्विरुक्ती म्हणून हिणवलंत तो शब्द आम्हाला रोज लागतो. आधी सगळीकडे 'मूकबधिर' होता. या मुलांचा गळा ठणठणीत असतो. ऐकूच आलं नाही तर बोली उचलणार कुठून, एवढाच प्रश्न. श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र) वेळेवर मिळालं तर बरीच मुलं बोलतात. म्हणजे 'मूक' खोटं. आणि नुसतं 'बधिर' म्हटलं की लोकांना डोक्याने मंद वाटतं. म्हणून 'कर्ण' जोडायचा.
स्पर्शाचं म्हणाल तर आमच्या वर्गात फुगा पोटाशी धरून ढोलकी 'ऐकतात'. ताल चुकला की मला आधी नाही कळत, त्यांना कळतो. अशा पोरांना बधिर म्हणताना माझीच जीभ अडखळते.

मोडीवाचक
भावना पोचल्या. व्याकरण जागच्या जागी आहे.

पळीपंचपात्र
व्याकरणाचंच बोलू. ऋग्वेद ४.२३.८: 'ऋतस्य श्लोको बधिरा ततर्द कर्णा'. ऋताच्या, म्हणजे सत्याच्या, श्लोकाने बधिर कान भेदले. कान शब्द शेजारी ठेवूनच बधिर आलाय, तेव्हा द्विरुक्तीची तक्रार वामदेव ऋषींकडे नोंदवावी.
आता माझी लाडकी व्युत्पत्ती. उणादिसूत्रांत, म्हणजे धातूंवरून शब्द साधायच्या जुन्या संस्कृत सूत्रांत, 'बधिर' हा 'बन्ध्' धातूवरून साधतात. बांधलेला! लहानपणी बोटाला दोरा करकचून गुंडाळायचो, बोट जांभळं व्हायचं आणि चावलं तरी कळायचं नाही. मूळ अर्थ तोच असणार. कान मागाहून आला.

मोडीवाचक
वरच्या परिच्छेदात वेदातच कान आहे, खालच्या परिच्छेदात कान मागाहून आला. आधी तुमचं आपसात ठरू द्या.

मांडवीनाका
तीन पिढ्या बडोद्यात. गुजरातीत पाय बधिर झाला की 'बहेर मारी गयो' म्हणतात, म्हणजे तिथे बहिराच दोन्ही घरची कामं करतो. आमची आजी मराठी बोलतानाही "पाय बहिर मारला गं" म्हणायची आणि पुण्याचे पाहुणे तोंड लपवून हसायचे. वाटणी वगैरे तुमच्याकडे झाली असेल, आमच्याकडे एकत्र कुटुंब आहे.

राइनकाठ
जर्मनीतल्या कोलोनहून. इथे 'टाउब' म्हणजे बहिरा, आणि दंताळ्याने सुई मारल्यावर ओठही 'टाउब'च होतो. आत गर नसलेला अक्रोडसुद्धा टाउब. संस्कृताशी काही देणंघेणं नसलेल्या शब्दाने हीच वाट धरली, तेव्हा मोडीवाचक ज्याला चूक म्हणतात ती माणसाची सवय असावी.

ताकपिठ्या
पोचट शेंगेला टाउब! घेतला. 'दंताळ्याने' मात्र सुई मारू देऊ नका, आमच्याकडे ते शेतात ओढतात.

स्टेथोवाला
उशिरा आलोय, पण विषय माझ्या टेबलावरचा आहे.
ओपीडीत माझ्याकडे दोन नादकाटे (ट्यूनिंग फोर्क) असतात. ५१२ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५१२ कंपांचा, कानासाठी. १२८ हर्ट्झचा पायासाठी, तो वाजवून अंगठ्याच्या हाडावर टेकवायचा आणि विचारायचं, "थरथर कळते का? थांबली की सांगा." मधुमेहात पायाच्या नसा झिजल्या असतील तर काटा थरथरत असतो आणि पेशंट म्हणतो, थांबला. दुसरं हत्यार नायलॉनचा जाड धागा, तो वाकेपर्यंत टेकवला की १० ग्रॅमचा दाब पडतो. तोही कळला नाही तर खडा रुतून जखम झालेली कळणार नाही.
म्हणजे कान आणि पाय मी एकाच जातीच्या हत्याराने तपासतो. कानाचा पल्ला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ. त्वचेखाली खोलवर पॅसिनी कणिका असतात, त्या २०० ते ३०० हर्ट्झच्या कंपाला सगळ्यात तल्लख आणि १००० च्या आसपास हात टेकतात. मधल्या पट्ट्यात एकच कंप दोघांना कळतो. कानोसाताईंचा फुगा तिथेच काम करतो. आतली यंत्रणाही एका धाटणीची. पेशीच्या आवरणात बारीक दारं असतात, ताण पडला की उघडतात. त्वचेतल्या अशा दाराचं नाव पिएझो-२. पिएझोच्या शोधासाठी आर्डेम पटापौटियन यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. आतल्या कानात केसपेशी असतात, त्यांची दारं निराळी, पण धक्का बसला की उघडायचं हेच तत्त्व. अशर सिंड्रोम हा कान आणि डोळे दोन्ही अधू करणारा आनुवंशिक आजार, त्याच्या एका जनुकीय प्रकारात तर ऐकूही कमी येतं आणि बोटांना कंपही कमी कळतात.
आणि मोडीवाचक, 'बधिर चट्टा' हा शब्द महाराष्ट्रातल्या कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणात घरोघर पोचलाय. न खाजणारा, न दुखणारा चट्टा. ज्याने दाखवला त्याची बोटं वाचली. त्याला संस्कृत आडवं आलं नाही.

पळीपंचपात्र
डॉक्टर, हे आपल्याकडे होतंच की. आकाशाचा गुण शब्द, म्हणजे ध्वनी, वायूचे शब्द आणि स्पर्श दोन्ही. कंप म्हणजे वायूच.

मोडीवाचक
ते वेदान्त दर्शनात. वैशेषिक दर्शनात शब्द फक्त आकाशाचा, वायूला तो नाही. सोयीचं दर्शन निवडून नोबेलला भिडवू नये. चट्ट्याचा मुद्दा मान्य. शासकीय मराठीतला एवढा एकच मान्य.

वऱ्हाडी ठेचा
आमच्या इकडं कोणी बधिर गिधिर म्हणत नाही. पायाले मुंग्या आल्या. लईच झालं त पाय मेल्यावानी झाला. विषय खतम.

शेवंती
मुंग्या वेगळ्या ना पण? प्रश्नावलीत पुढचाच प्रश्न टिंगलिंगचा आहे, तिथे मी 'झिणझिण्या' लिहिलंय.

ताकपिठ्या
झिणझिण्या! हा शब्द नीट ऐका. हा आवाज आहे. तारेला टिचकी मारली की झिण्ण होतं, आणि तेच कोपर आपटल्यावर हातात होतं. 'ठणका' घ्या. घंटाही ठण करते आणि गळूही ठणकतं. फोडणी चुरचुरते, जखमही चुरचुरते. मराठी माणसाचं अंग दुखत नाही, वाजतं. नाहीतर थंडी 'वाजते' कशी? ऊन लागतं, वारा लागतो, पाणी गार लागतं, ताप भरतो. थंडी एकटी वाजते.

वऱ्हाडी ठेचा
आमाले थंडी लागते.

मोडीवाचक
ते हिंदी आहे.

वऱ्हाडी ठेचा
नागपुरात डिसेंबरात पहाटे ५ ला या, मंग सांगा कोणत्या भाषेत लागते ते.

राइनकाठ
वाजते ती दात वाजतात म्हणून. साधं आहे. इथे जानेवारीत माझे रोज वाजतात.

मांडवीनाका
आजीला शेवटची ९ वर्षं एकही दात नव्हता. थंडी तरीही वाजायची.

स्टेथोवाला
अवांतर होतंय, पण राहवत नाही. आवाजाने स्पर्श बदलतो, हे खरंच तपासलंय. १९९८ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी लोकांना हातावर हात चोळायला सांगितले, तो आवाज माइकवरून त्याच क्षणी हेडफोनमध्ये सोडला आणि त्यातले उंच स्वर वाढवले. लोक म्हणाले, तळहात कागदासारखे कोरडे झाले. हात तेच होते. पापड कुरकुरीत आहे हे दातांना कळतं की कानाला, हे एकदा घरी कानात बोटं घालून बघा. सादळलेला वाटेल.

कानोसा
माझी मुलं पापड मोडताना हनुवटीला हात लावून खातात. आता कळलं का ते.

ताकपिठ्या
सादळलेला! अवांतराला अवांतर: पावसाळ्यात वाळत घातलेला शर्ट ओला आहे की नुसता गार, हे कुणाला नक्की सांगता येतं का? आमच्याकडे गालाला लावून, वास घेऊन, शेवटी भांडून ठरतं.

स्टेथोवाला
नाही सांगता येत. माणसाच्या त्वचेत ओलावा टिपणारा वेगळा ग्राहक (रिसेप्टर) नाहीच. गारवा आणि दाब किंवा सरकणं, यांची गोळाबेरीज करून मेंदू 'ओलं' म्हणतो. नुसता गार शर्ट त्याला फसवतो.

पळीपंचपात्र
म्हणून तर 'आंबटओला' शब्द आहे! त्वचेला ठरवता येईना, तेव्हा जिभेकडून उसना आणला.

मोडीवाचक
आंबटओला म्हणजे अर्धवट वाळलेला. आंबूस वास येतो म्हणून आंबट. जीभ कुठून आली?

शेवंती
मंडळी, उद्या शुक्रवार आहे.

स्टेथोवाला
अरे हो, माफ करा. नाम शोधूच नका. "बधिरपणा आहे का" विचारलं की माझे पेशंट नाही म्हणतात. तेच पेशंट दोन मिनिटांनी सांगतात, "चालताना चप्पल निसटून मागे राहते, घरी आल्यावर कळतं." किंवा, "गादीवरून चालल्यासारखं वाटतं." तेच विचारा.

शेवंती
सासूबाईंना विचारलं, चालताना चप्पल निसटली तर कळतं का? त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मागच्या महिन्यात देवळातून एकाच पायात घालून आले होते, तुला सांगितलं नाही." शनिवारी तपासणीला नेतेय.
वाक्य तसंच लिहून पाठवलं. ते परत आलंय. कळवलंय की रकाना लहान आहे, एकच शब्द द्या, आणि पारिभाषिक द्या.

मोडीवाचक
'स्पर्शलोप' द्या. निर्दोष आहे.

वऱ्हाडी ठेचा
😂

मांडवीनाका
आंबटओल्याबद्दल राहून गेलं. बडोद्यात आम्ही त्याला 'सर्द' म्हणतो. तुमच्याकडे सर्द फक्त हवा असते की कपडेही?