क्लच गेलाय की नुसती केबल? (बजेट ५ हजार)

कोकणी_पेट्रोल: २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, केबलवाला क्लच, ८२ हजार किमी. परवा कुंभार्ली घाट चढताना इंजिन नुसतं रेस होत होतं, गाडी ओढतच नव्हती. वर जळका वास. मेकॅनिक न बघताच म्हणतो, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. गणपतीला चिपळूणला जायचंय. केबल बदलून भागेल?

गिअरवेडा: नाही भागणार. फुल सेट टाका: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. मी टाकला, पेडल लोण्यासारखं झालंय.

कोकणी_पेट्रोल: किती लागले?

गिअरवेडा: माझी डिझेल एसयूव्ही. फ्लायव्हीलसकट (क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनची जड चकती) ३८ हजार. पैसे वसूल!

निवांत: म्हणून ऑटोमॅटिक घ्यावी.

सातारी_तडका: एएमटीतही (क्लच आपोआप दाबणारी स्वस्त ऑटोमॅटिक) क्लच प्लेटच असते साहेब.

निवांत: असू दे की, डावा पाय तर मोकळा.

जुना_स्पॅनर: आधी पेडल हाताने दाबून बघा. सुरुवातीला थोडं सैल लागायला हवं. अजिबात सैल नसेल तर केबल जास्त ताणलीय, क्लच पूर्ण बसत नाही. नुसत्या ॲडजस्टमेंटने काम होईल. सैल असेल तर सपाट मोकळी जागा बघा, पुढेमागे कोणी नको. हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर ठीक. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. एकदाच करा, उरलीसुरली जाळू नका.

नवशिक्या७: माझ्याकडे पेडल दाबलं की किर्र आवाज येतो, सोडलं की बंद. केबलच ना?

जुना_स्पॅनर: बहुतेक रिलीज बेअरिंग. वेगळा धागा काढा.

घाटदादा: माझी पहिली प्लेट दीड लाख किमी गेली. तुम्ही लोक पाय क्लचवरच ठेवून फिरता. चढावर थांबलात तर हँडब्रेक ओढा, अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका.

कोकणी_पेट्रोल: काका, सिग्नलला मी अर्ध्या क्लचवरच धरतो. आता काय उपयोग.

गिअरवेडा: फुल सेट. परत सांगतोय.

कोकणी_पेट्रोल: टेस्ट केली. पेडल सैल आहे. इंजिन काही बंद पडेना, तर बायको म्हणाली, "बघ, किती दमदार आहे!" सेटचे मजुरीसकट ९ हजार सांगितलेत. दिवाळीनंतर बघू, तोवर गाडी गावातल्या गावात. गणपतीला एसटीचं रिझर्व्हेशन केलंय.

गिअरवेडा: तोवर फ्लायव्हील खाल्लं नाही म्हणजे मिळवली.

घाटदादा: पुढची सीट घ्या. घाटात ड्रायव्हरचा डावा पाय बघत बसा.