मदत हवी आहे: ग्वाल्हेरच्या घरासाठी कुठलं कुत्रं घ्यावं? रविवारपर्यंत ठरवायचंय

दौलतगंज (गुरुवार, रात्री १०:४०)
नमस्कार. आम्हाला कुत्रं घ्यायचंय. हस्की, लॅब आणि बीगल या तिघांत ठरत नाहीये. हस्कीचं पिल्लू २८ हजारांना मिळतंय, ४० दिवसांचं आहे, निळे डोळे. मुलीने फोटो पाहिल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये तिला. विकणारा म्हणतो रविवारपर्यंत टोकन द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. घरात एसी आहे. आधी कधी कुत्रं पाळलेलं नाही. कृपया सरळ नाव सांगा, वाचून वाचून डोकं भणाणलंय.

थाटीपूर (१०:५२)
हस्की अजिबात नको. सैबेरियात बर्फात गाडी ओढायला तयार झालेलं कुत्रं आहे ते, अंगावर केसांचे दोन थर. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. एसी आहे म्हणता, पण लाइट गेली की काय करणार?

लॅबवाली (११:०५)
लॅब घ्या, डोळे मिटून. आमचा लॅब १२ वर्षं होता, घरात तीन मुलं, कुणाला कधी ओरखडा नाही. पहिल्यांदा पाळणाऱ्याला लॅबइतकं समजूतदार दुसरं काही नाही. फक्त खाण्यावर लक्ष ठेवा. मागेल तेवढं दिलं तर वजन वाढतं आणि मागचे पाय जातात.

टेकनपूर_निवृत्त (११:३०)
सीमा सुरक्षा दलाच्या श्वानपथकात १९ वर्षं होतो, टेकनपूरच्या प्रशिक्षण केंद्रातही काम केलंय. तुम्ही तिन्ही नावं विलायती घेतली आहेत. मुधोळ हाउंड का नाही? आपल्याच दख्खनचं कुत्रं. अंगावर केस कमी, उन्हाला पक्कं, खाणं बेताचं. मुधोळच्या घोरपडे राजघराण्याने ही जात जपली. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या एकता नगरच्या परेडमध्ये आमच्या दलाचे मुधोळ आणि रामपूर हाउंड चालले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चांगलं पिल्लू कसं ओळखायचं ते मी सांगेन.

पशुवैद्य_गोदाकाठ (शुक्रवार, सकाळी ६:५०)
नाव सांगण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. घर कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे? दिवसभर घरी कोण असतं? सकाळी आणि रात्री खाली कोण नेणार? घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे का? आणि मुख्य म्हणजे कुत्रं कशासाठी हवंय?
शिवाय ४० दिवसांचं पिल्लू विकणं नियमात बसत नाही. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आईपासून आणि भावंडांपासून इतक्या लवकर तोडलेलं पिल्लू पुढे चावरं किंवा भित्रं होण्याची शक्यता जास्त. त्यात लसीही पुऱ्या झालेल्या नसतात आणि पार्वो (रक्ताच्या जुलाबाचा आजार) झाला तर दोन-तीन दिवसांत हातचं जातं.

दौलतगंज (८:१५)
डॉक्टर, मी साधा प्रश्न विचारला होता. दुसरा मजला, लिफ्ट नाही, स्वतःचं जुनं घर आहे. आम्ही दोघं नोकरीला, मी मालनपूरला जातो, नऊ ते सहा. घरी बाबा असतात. मुलगी ९ वर्षांची. आता सांगा, लॅब की बीगल?

नवा_सभासद (८:४०)
सोसायटीवाले काहीही म्हणोत, ते कुत्रं पाळायला बंदी करू शकत नाहीत. बहुमताने ठराव केला तरी चालत नाही आणि लिफ्टचे वेगळे पैसेही घेता येत नाहीत. प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे.

दौलतगंज (८:४४)
सोसायटी नाही. लिफ्टही नाही.

हुजरात (९:१०)
दौलतगंजात कुठे हो? माझं आजोळ तिथलंच. ते जिने मला आठवतात, दगडी, उभे, मधे वळण आणि तिथे कायम अंधार. आजी पदर खोचून वर पाणी न्यायची. तुमच्याकडे असाच जिना असेल तर डॅशहुंड कुणी सुचवला तरी घेऊ नका. लांब पाठीला पायऱ्या सोसत नाहीत, मणक्याची चकती सरकते. (बहादुराचे लाडू अजून तसेच मिळतात का?)

लॅबवाली (९:३५)
मिळतात, मागच्या महिन्यातच आणले. पण लॅबचं काय झालं? जिना लॅबलाही जमतो.

पशुवैद्य_गोदाकाठ (दुपारी १:२०)
लॅबला जमेल, पण ३० किलोचा लॅब पट्टा ओढत जिना उतरला तर वरचा माणूस खाली येईल. दौलतगंज, बाबांचं वय किती? चालणं कसं आहे? काही औषधं चालू आहेत का?

दौलतगंज (१:५०)
७४. दोन वर्षांपूर्वी एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात. रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. पण कुत्र्याचा आणि गोळीचा काय संबंध? कुत्रं मुलगी सांभाळणार आहे.

मुरारच्या_काकू (२:०५)
बाळा, ९ वर्षांची मुलगी शाळेत जाणार, तुम्ही दोघं नोकरीवर. मग दिवसभर कुत्र्याजवळ बाबाच की.

पशुवैद्य_गोदाकाठ (२:३०)
काकू अगदी बरोबर. आणि संबंध असा, की पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात. ते पडून पक्के दात यायला सहा-सात महिन्यांचं व्हावं लागतं, तोवर प्रत्येक पिल्लू हाताला, पायाला, धोतराला तोंड लावतं. त्या गोळीवर असलेल्या माणसाच्या पातळ कातडीवर छोटा ओरखडासुद्धा वाहत राहतो. शिवाय पिल्लाला सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी शी-शूला न्यावं लागतं. दुपारी दोन वाजता जूनच्या उन्हात, काठी टेकत, तो जिना उतरून कोण नेणार?

टेकनपूर_निवृत्त (३:१५)
गच्चीवर वर्तमानपत्र टाकून सवय लावता येते. मुधोळ महिन्याभरात शिकतो.

थाटीपूर (३:२२)
साहेब, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मुधोळ हे नजरेने शिकार करणारं, धावणारं कुत्रं. रोज कंपूच्या मैदानावर त्याला कोण पळवणार? ७४ वर्षांचे बाबा? त्यापेक्षा गल्लीतलं देशी पिल्लू घ्या. या मातीतलं, आजार कमी, २८ हजार वाचतील.

टेकनपूर_निवृत्त (३:४०)
देशीला मी कधीच नाव ठेवलेलं नाही. पण पिल्लू देशी असलं म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले दात चुकतात का? तुम्हीही पिल्लूच सुचवताय.

थाटीपूर (३:५८)
हे मान्य.

दौलतगंज (रात्री ९:३०)
सगळे बाबांवरच घसरलेत, तर सांगतोच. आई नोव्हेंबरमध्ये गेली. बाबांना कमी ऐकू येतं, दाराची बेल तर अजिबात नाही. आई होती तोवर ती उठायची. आता गॅसवाला परत जातो, पोस्टमन परत जातो. गेल्या महिन्यात दार उघडं राहिलं आणि एक अनोळखी माणूस आतल्या खोलीपर्यंत आला. बाबांना तो समोर उभा राहिल्यावरच कळलं. काही झालं नाही, पण तेव्हापासून माझं कामात लक्ष लागत नाही. म्हणून कुत्रं. मुलीला हस्की आवडला म्हणून हस्की, बाकी काही नाही.

नवा_सभासद (९:४१)
आधी कानाचं यंत्र घ्या.

दौलतगंज (९:४३)
आहे. डब्यात पडून असतं.

पशुवैद्य_गोदाकाठ (९:५५)
हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर हस्कीवर इतकी चर्चाच झाली नसती. तुम्हाला राखणीचं दांडगं कुत्रं नको, दाराशी कुणी आलं की लगेच वर्दी देणारं हवंय. एरवी आम्ही ‘फार भुंकतं’ म्हणून जी कुत्री नको सांगतो, त्यांतलंच एक. बीगलही आवाज करतो, पण त्याचं नाक त्याला कुठेही ओढून नेतं आणि एकटा पडला की रडत बसतो. माझं मत इंडियन स्पिट्झ, ज्याला आपण सगळे पामेरियन म्हणतो. वजन बेताचं, कान तिखट, आणि केसाळ असूनही पिढ्यान्‌पिढ्या इथल्या उन्हात राहिलेला. रोज विंचरावं लागतं आणि केस गळतात, त्याची तयारी ठेवा. मात्र पिल्लू नको. तीन-चार वर्षांचं, स्वभाव ठरलेलं कुत्रं बघा.

मुरारच्या_काकू (१०:२०)
मी हेच सांगायला आले होते. आमच्या छावणीत बदल्या झाल्या की चांगली सांभाळलेली कुत्री मागे राहतात. आत्ताच एका कुटुंबाची ईशान्येकडे बदली झाली आहे. चार वर्षांची स्पिट्झ मादी आहे, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, रेबीजसकट सगळ्या लसींचं कार्ड आहे. ते लोकही दुसऱ्या मजल्यावरच राहतात. पैसे नको आहेत त्यांना, घर चांगलं हवंय. पोरगी रोज रडते त्यांची.

दौलतगंज (१०:३५)
मोठं कुत्रं नव्या घरात रुळतं का? मुलीला पिल्लू हवं होतं.

पशुवैद्य_गोदाकाठ (१०:५०)
रुळतं. पहिले तीन दिवस बावरलेलं असतं, कमी खाईल, कोपऱ्यात बसेल. तीन आठवड्यांत तुमचा दिनक्रम कळतो. घर आपलं वाटायला तीनेक महिने लागतात. तिची जुनी चादर न धुता सोबत आणा, तो वास तिला धीर देतो. आणि देण्याघेण्याआधी बाबांना विचारा. तुम्ही त्यांना विचारल्याचं अजून एकदाही लिहिलेलं नाही.

दौलतगंज (शनिवार, दुपारी १२:१०)
विचारलं. आधी रागावले, माझ्यासाठी आणताय आणि मलाच आज कळतंय म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. जेवताना एवढंच विचारलं, ‘रात्री माझ्या खोलीत झोपेल का ती?’ टोकन देत नाही. उद्या चौघंही मुरारला जातोय.

हुजरात (१२:३०)
तिथे गेल्यावर एक करा. वयामुळे कान गेले की आधी बारीक, उंच आवाज जातात, म्हणून टिंगटाँग बेल ऐकू येत नाही. स्पिट्झचं भुंकणंही चिरकंच असतं. बाबांना ते ऐकू येतं का ते तिथेच तपासा.

दौलतगंज (रविवार, संध्याकाळी ७:०५)
जाऊन आलो. हुजरात, तुमची शंका खरी होती. बाबा आतल्या खोलीत बसले, मी बाहेरून बेल दाबली. ती भुंकत दाराकडे धावली. त्यांना ना बेल ऐकू आली ना तिचं भुंकणं, पण ती समोरून उठून पळाली ते दिसलं आणि ते मागोमाग उठले. झोपेत असतील तर? मुलगी तिला सोडायला तयार नव्हती, हस्कीचं नाव काढलं नाही. बुधवारी आणतोय.

टेकनपूर_निवृत्त (७:४०)
हे मी शिकवतो, मुधोळ नसली तरी. आठवडाभर दुसरं काही शिकवू नका. आधी बाबांनी गुडघ्यावर थोपटायचं, तिने पंजा ठेवला की लगेच खाऊ. दिवसातून तीन वेळा, पाच-पाच मिनिटं. ते पक्कं झालं की मुलीने बाहेरून बेल दाबायची, बाबांनी गुडघा थोपटायचा, पंजा, खाऊ. हळूहळू थोपटणं बंद करा. बेल वाजली की ती आधी बाबांकडे जाऊन पंजा लावेल, मग दाराकडे. शेवटी बाबा डोळे मिटून पलंगावर आडवे असताना करून घ्या. नखं मात्र कापून ठेवा, ती रक्ताची गोळी लक्षात आहे ना? खाऊ फक्त बाबांच्या हातून.

दौलतगंज (८:१०)
खूप आभार. खाऊ म्हणून काय द्यायचं? बाबांच्या खिशात कायम शेव असते.

पशुवैद्य_गोदाकाठ (८:२५)
शेव नको, मीठ आणि तिखट फार. कांदा आणि द्राक्षं तर कधीच नाही. उकडलेल्या कोंबडीचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे करून डबीत द्या त्यांना.