टास्कवॉरियर: काम पूर्ण झाल्यापासून पुढची तारीख कशी धरायची?

नमस्कार मंडळी. तासगाव भागातली द्राक्षबाग आणि सांगलीतलं घर, दोन्हीकडची कामं मी लॅपटॉपवर टर्मिनलमध्ये टास्कवॉरियरने (कमांड टाइप करून चालणारा कामांच्या यादीचा प्रोग्राम) सांभाळतो. लिनक्स मिंट २२, टास्कवॉरियर २.६.२. एकच मशीन आहे, सिंक नको. बागेत रेंज नसते, त्यामुळे ऑनलाइन ॲपही नको.

अडचण रिकरिंग, म्हणजे ठरावीक अंतराने पुन्हा येणाऱ्या कामांची आहे. ठिबकचा फिल्टर धुतला की तिथून १५ दिवसांनी पुन्हा धुवायचा असतो. पण त्यासाठीची 'रिकर' ही सोय पुढची तारीख मूळ ड्यू (ठरलेल्या) तारखेवरूनच मोजते. पावसात किंवा छाटणीच्या गडबडीत काम लांबलं की मागच्या सगळ्या नोंदी थकलेल्या दिसतात आणि यादी वाचवत नाही. 'वेट' लावून पाहिलं, त्याने काम नुसतं लपतं. सध्या 'डन' केल्यावर हातानेच नवीन काम टाकतो, पण मजूर समोर उभे असताना ते राहून जातं, आणि फिल्टर तुंबला की शेवटच्या ओळींना पाणीच पोचत नाही.

म्हणून पायथनमध्ये हुक (टास्कवॉरियर ठरावीक वेळी आपोआप चालवतो ती छोटी स्क्रिप्ट) लिहायला घेतलाय. अंतरासाठी ड्युरेशन (कालावधी) प्रकारचा यूडीए, म्हणजे कामाच्या नोंदीत आपण स्वतः वाढवलेला रकाना, केला, तो नीट चालतो. काम बदललं की चालणाऱ्या ऑन-मॉडिफाय हुकला कामाची जुनी आणि नवी दोन्ही रूपं मिळतात, म्हणजे 'पेंडिंग'चं 'कम्प्लीटेड' झालेलं तिथे कळतं. कमांड संपताना चालणाऱ्या ऑन-एक्झिटला फक्त नवं रूप मिळतं.

मग नवीन काम ऑन-मॉडिफायमधूनच 'टास्क ॲड' चालवून टाकलं तर डेटा फाइलला धोका आहे का? की खूण तिथे ठेवून ॲड ऑन-एक्झिटमध्ये, हुक बंद ठेवून करावं? कुणी असं रोज वापरतंय का?